आठवणी लिहायला बसले आणि वंशावळीत अडकले

कोरी_पाटी
मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचक आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी ठरवलं की लहानपणच्या आठवणी लिहायच्या. छापण्यासाठी नाही, घरातल्या पुढच्या पोरांसाठी. पहिलं प्रकरण बाबांवर. चार पानं झरझर झाली आणि गाडी अडली ती अगदी साध्या वाक्यावर, त्यांच्या जन्मसालावर. घरात सगळे १९४१ म्हणतात. म्हटलं एकदा खात्री करून घेऊ. जन्मनोंदीची नक्कल काढली, तर तीत १९३८! नाव बाबांचंच, आईवडिलांची नावंही बरोबर.

मग मी आजोबांच्या मागे लागले, मग पणजोबांच्या, मग पणजीच्या माहेरच्या. आज एक्सेलमध्ये ३१२ नावं आहेत आणि आठवणींची पानं चारच्या चारच. नवरा विचारतो, तू पुस्तक लिहितेयस की जनगणना करतेयस?

तीन वर्षांच्या फरकाचा मी माझ्यापुरता उलगडा केलाय. आजोबांनी शाळेत घालताना वय कमी लावलं असणार. आजोबा तसे हिशेबी होते, स्वभावाला शोभतं. चारातली दोन पानं त्यावरच खर्च झालीत आणि खरं सांगायचं तर जमलीतही छान.

तर, हे शोधकाम थांबवायचं कुठे? आणि कागद एक म्हणतो, घरचे दुसरं म्हणतात, तेव्हा लिहायचं कोणाचं? बाबा आता नाहीत. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, नव्वदीला टेकलीय पण स्मरणशक्ती खणखणीत आहे.

मितभाषी
वाचतोय. आधी आत्याकडे जा. कागद पळून जात नाहीत.

अंकगणित
कुठे थांबायचं याचं उत्तर हिशेबातच आहे. आईवडील २, आजी-आजोबा ४, त्यांचे आईवडील ८. दहा पिढ्या मागे गेलात की त्या एका पिढीतच १,०२४ जागा. तीस पिढ्या मागे १०७ कोटींच्या वर, आणि त्या काळी जगाची लोकसंख्या त्याच्या निम्मीही नव्हती. म्हणजे तीच माणसं अनेक जागांवर पुन्हा पुन्हा येतात. वरच्या बाजूला वंशावळ झाडासारखी पसरत नाही, जाळीसारखी गुंतत जाते. पूर्ण होईल या आशेवर बसू नका.

क्रमांकांची एक जुनी पद्धत वापरून बघा. स्वतःला १, वडिलांना २, आईला ३. कोणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. म्हणजे तुमच्या आईची आई ७, तिचे वडील १४. १५९० मध्ये आयट्सिंगर नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थांनी ही छापली आणि १८९८ मध्ये श्ट्राडोनित्स यांनी ती रूढ केली. क्रमांक बघितला की नातं कळतं, आणि कोणती जागा रिकामी आहे हेही.

रातकिडा
अंकगणित काका, म्हणजे तीस पिढ्या मागे गेलं तर तुम्ही आणि मी नातेवाईक निघणार? मग उसने पैसे बुडवायला हरकत नाही. (हलके घ्या.)

कोरी_पाटी, थांबायचं कुठे ते मी सांगतो. ज्याचा आवाज ऐकलेला एकही माणूस आज जिवंत नाही, त्याच्यापाशी थांबायचं. त्यापलीकडे सगळी नावंच.

जुनी_पेटी
रातकिडा, वाक्य झकास आहे पण पटलं नाही. माझ्या पणजीचा आवाज ऐकलेलं कोणीही नाही. पण तिच्या एका पत्रावरून मला माझ्या आईचा धाक कुठून आला ते कळलं. आईच्या आठवणी मी तीन वर्षं लिहीत होते, त्यातली सगळ्यात उजेड पाडणारी दीड पानं त्या पत्राची आहेत. मी पिढ्या मोजल्याच नाहीत. या माणसामुळे माझ्या प्रकरणातलं एखादं वाक्य बदलतं का, एवढंच विचारायचे. बदलत असेल तर शोध, नाहीतर नाव टिपून ठेव आणि पुढे चल. तुमच्या ३१२ पैकी कितींनी वाक्य बदललं?

आता आत्यांबद्दल, कारण मी इथेच सपशेल आपटले होते. मी आईसमोर बेचाळीस प्रश्नांची यादी घेऊन बसले. जन्म कधी, शाळा कुठली, शिक्षक कोण. आई दहा मिनिटांत कंटाळली आणि म्हणाली, मला काही आठवत नाही. आठवत होतं सगळं. पण साल विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा घाबरतो. नंतर मी फोटोंचा डबा नेला. मग युक्ती सापडली: लहानपणच्या घराचा नकाशा काढायला सांगायचं. दार कुठे, खिडकी कुठे, कोण कुठे झोपायचं. वास्तुविशारदासारखा नको, वेड्यावाकड्या रेघा चालतात. माणूस त्या घरात शिरतो आणि मग आपण फक्त गप्प बसायचं. गप्प बसणं सर्वात अवघड. मध्येच 'नाही गं, ते साल चुकतंय' म्हणालात की संपलं.

त्यांना विचारून फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि फोन नजरेआड ठेवा. तासाभरापेक्षा जास्त बसवू नका. खरी गोष्ट बहुतेक वेळा रेकॉर्डिंग बंद केल्यावर, चपला घालताना सांगतात. तेव्हा घरी पोचायच्या आत ती लिहून काढा.

मितभाषी
चपला घालताना. +१

दुसरी_बाजू
मी जरा वाईट बातमी देते. घरच्यांची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग आठवा. लोकांना एक अनोळखी लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दर खेपेला गोष्ट आखूड होत गेली, विचित्र वाटणारे तपशील गळाले आणि ओळखीचे आले. सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. कोणीही खोटं बोलत नव्हतं. चाळीस वर्षं घरात सांगितली गेलेली गोष्ट अशीच घासून गुळगुळीत झालेली असते. जितकी गुळगुळीत, तितका मला संशय येतो.

म्हणून तुमचा 'आजोबांनी वय कमी लावलं' हा उलगडा मला खटकतोय. पुरावा काय? स्वभावाला शोभतं, एवढाच?

कोरी_पाटी
दुसरी_बाजू, खरंय, पुरावा नाही. पण दुसरं काय असू शकतं? आत्याचा जन्म १९३५ चा. ती कायम म्हणते, 'तुझा बाप माझ्याहून सहा वर्षांनी लहान.' नोंदीप्रमाणे धरलं तर फरक तिनाचा येतो. आत्या चुकतेय किंवा नोंद.

रातकिडा
नोंदच चुकली असेल. लिहिणाराही माणूसच. शिवाय पूर्वी वय कोण नेमकं सांगत होतं? चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असंच.

अंकगणित
तो प्रकार खरा आहे आणि त्याचं मोजमापही आहे. जनगणनेत ० आणि ५ ने संपणारी वयं फुगलेली दिसतात. व्हिपल निर्देशांक त्यासाठीच. २३ ते ६२ वयाची माणसं घ्यायची. सगळ्यांनी वय नीट सांगितलं तर निर्देशांक १००, सगळ्यांनीच ० किंवा ५ वर सांगितलं तर ५००. पण रातकिडा, ते मोठ्या माणसांनी अंदाजाने सांगितलेल्या वयाचं. जन्मनोंद त्याच सुमारास लिहिली गेली असेल, तर होऊन गेलेलं साल चुकू शकतं, पण अजून न जन्मलेल्या मुलाची नोंद तीन वर्षं आधी कशी होईल?

कोरी_पाटी, नक्कल पुन्हा बघा. नोंद केल्याची तारीख कोणती आहे?

कोरी_पाटी
नोंदीची तारीखही १९३८ चीच. जन्मानंतर नऊ दिवसांनी. हे मी बघितलंच नव्हतं.

अंकगणित
मग ती नोंद बरोबर आहे. मुलगा १९३८ मध्ये जन्मला. प्रश्न एवढाच की तो मुलगा तुमचे बाबा का.

संगीतकार बेथोव्हेनचं उदाहरण देतो, गाण्यातलं मला काही कळत नाही तरी. तो स्वतःला खऱ्या वयापेक्षा दोनेक वर्षांनी लहान समजत असे. १८१० मध्ये त्याने मित्राला पत्र लिहून आपल्या बाप्तिस्म्याचा दाखला मागवला आणि बजावलं की नीट बघ, माझ्याआधी त्याच नावाचा एक भाऊ होता. होताच तसा, १७६९ मध्ये जन्मून आठवड्याभरातच गेलेला लुडविग मारिया. दाखला आला १७७० चा आणि तो बरोबर होता. पण हा त्या थोरल्याचाच असणार असं धरून बेथोव्हेनने तो मानला नाही! म्हणजे तिथे कागद खरा आणि माणूस गोंधळलेला.

गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवणं अनेक समाजांत होतं. चित्रकार व्हॅन गॉगच्याही आधी त्याच नावाचा मृत जन्मलेला भाऊ होता, बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेला, ३० मार्चला. वंशावळी शोधणारे यात हमखास फसतात, दोन मुलांचा एक माणूस करून टाकतात.

घाईने निष्कर्ष काढू नका. १९३८ ते १९४१ दरम्यानच्या मृत्यूच्या नोंदी बघा आणि १९४१ ची दुसरी जन्मनोंद आहे का तेही.

जुनी_पेटी
अंकगणित काका, अंगावर काटा आला.

रातकिडा
मी माझा 'नोंदच चुकली' मागे घेतो.

कोरी_पाटी
थोडं थांबा. मला आत्ताच काहीतरी आठवलं. आजी बाबांना कधी नावाने हाक मारत नसे. 'धाकटा' म्हणायची. धाकट्याला बोलाव, धाकटा आला का. आत्या थोरली म्हणून हा धाकटा, असंच मी धरून चालले होते.

दुसरी_बाजू
आणि तसंच असूही शकतं. आता एक कागद सापडला की आयुष्यभराच्या सगळ्या खुणा त्याच्याच दिशेने बोट दाखवायला लागतात. जरा सबुरीने.

(सतरा दिवसांनी)

कोरी_पाटी
धागा वर काढतेय.

दोन्ही सापडलं. १९४१ ची जन्मनोंद आहे, बाबांचीच. घरी मानत होतो तो दिवस, ती तारीख. आणि १९४० ची मृत्यूची नोंद. नाव तेच. वय दोन वर्षं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, 'ताप'.

आजोबांनी वय वगैरे काही कमी लावलं नव्हतं. माझी ती दोन पानं, आजोबांच्या हिशेबीपणाचा किस्सा, त्यांच्या तोंडी घातलेला संवाद, सगळं मी रचलेलं. वाचून दाखवलं तेव्हा भाऊ म्हणाला होता, अगदी आजोबाच बोलतायत. याची जास्त लाज वाटतेय.

आत्याला अजून विचारलेलं नाही. ती तेव्हा पाच वर्षांची होती, म्हणजे तिला माहीत असणारच. पंच्याऐंशी वर्षं ती या विषयावर बोललेली नाही. मी कोण उकरून काढणारी?

रातकिडा
लिहून टाका. आठवणी तुमच्या, बाबा तुमचे. परवानग्या घेत बसलात तर पुस्तक व्हायचंच नाही.

दुसरी_बाजू
आठवण तिची नाहीये, आत्याची आहे. कोरी_पाटीला तर हे या १७ दिवसांत कळलं.

माझं सांगते. मी वडिलांवर एक लेख लिहिला, त्यात त्यांच्या कर्जाचा उल्लेख केला. सगळं खरं होतं, कागद होते. बहिणीने तो छापून आल्यावर वाचला. दोन वर्षं बोलत नव्हती. लिहिलं याचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. आपल्याला परक्यांबरोबर कळलं, हे लागलं तिला. तेव्हापासून मी ज्याच्यावर लिहिलंय त्याला ती पानं आधी दाखवते. बदल करीनच असं वचन देत नाही, पण आधी दाखवते. आणि जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, आजार मी ऑनलाइन झाडावर घालत नाही. तिथून एकदा गेलेली माहिती परत येत नाही.

जुनी_पेटी
मला दुसरी_बाजूचं पटतंय. फक्त एक, नोंदीची नक्कल घेऊन जाऊ नका. नकाशा.

नवी_वही
जरा अवांतर. घरात फोटो आणि पत्रं आहेत, काही ओलीने चिकटलीत. स्कॅन किती डीपीआयला करायचे? आणि डीएनए चाचणीने यातलं काही कळतं का?

जुनी_पेटी
नवी_वही, फोटो ६०० डीपीआय, मूळ प्रत टिफमध्ये, पाठवायला जेपेग. फोटोची मागची बाजूसुद्धा स्कॅन करा. खरा ऐवज बऱ्याचदा तिथेच असतो. फाटलेलं पत्र चिकटपट्टीने जोडू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, आधी जसे आहेत तसेच स्कॅन करा.

अंकगणित
डीएनएचं. आई आणि वडील दोघांकडून निम्मं निम्मं येतं. आजी-आजोबांकडून सरासरी पाव, पण तो पाव नेमका नसतो, एकीकडून थोडा जास्त, दुसरीकडून थोडा कमी. खूप मागच्या एखाद्या पूर्वजाचा तुमच्यात एकही तुकडा नसू शकतो, तरी तो पूर्वज असतोच. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे, मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए आईकडून. नातं आहे का आणि साधारण किती जवळचं, हे कळतं. कोणाचं काय झालं ते कळत नाही. या धाग्यातलं दोन वर्षांचं मूल कुठल्याही चाचणीत दिसलं नसतं. आणि चाचणीत नको ते उघड होऊ शकतं, घरातल्या सगळ्यांच्या वतीने. विचार करून करा.

शिवाय नोंद सापडली नाही म्हणजे ती झालीच नव्हती असं धरू नका. १९२२ मध्ये डब्लिनचं अभिलेखागार यादवीत जळालं, कित्येक शतकांचे कागद गेले. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत आणि नंतरच्या हलगर्जीत संपले. कोरी_पाटींचं नशीब की दोन्ही नोंदी जागेवर होत्या.

मितभाषी
आत्या?

कोरी_पाटी
काल गेले होते. सांगते.

तुम्ही बजावूनही मी नक्कल पर्समध्ये ठेवली होती आणि अर्ध्या तासात तोल जाऊन बाहेर काढलीच. आत्याने चष्मा लावला, वाचली, घडी घालून परत दिली. म्हणाली, 'बाहेर अंधारून आलंय, तू लवकर नीघ.' संपलं सगळं. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

पाऊस आला म्हणून निघता येईना. काहीच बोलायला नव्हतं, तेव्हा वहीचं पान पुढे केलं आणि जुन्या घराचा नकाशा विचारला. खरंच सहज, त्या वेळी हेतू नव्हता. तिने दार काढलं, जिना काढला, तिसरी पायरी मोडकी होती म्हणून तिथे फुली मारली. आजोबांची खुर्ची. मधल्या खोलीत खिडकीखाली एक छोटा चौकोन काढला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, पाळणा. म्हटलं, बाबांचा? म्हणाली, 'तुझ्या बापाचा नंतर. आधी त्याचा.'

मग वीसेक मिनिटं बोलली. सगळं इथे लिहीत नाही. तो बोलायला लागला होता, हिला 'ताई' न म्हणता 'आई' म्हणायचा, कारण आजी आजारी होती आणि हीच त्याला घेऊन फिरायची. पाच वर्षांची पोर. तो गेला त्या दिवशी हिला शेजारी नेऊन बसवलं आणि परत आणलं तेव्हा पाळणा माळ्यावर गेला होता. कोणी काही सांगितलं नाही, हिने विचारलं नाही. पुढच्या वर्षी पाळणा खाली आला आणि नव्या बाळाला तीच हाक. हिने बरेच दिवस त्याला हात लावला नाही. आजीने विचारलं का, तर म्हणाली, 'हा तो नाहीये.' तेव्हापासून आजी त्याला धाकटा म्हणायला लागली. दुसरी_बाजू, तुमची सबुरी मी विसरले नव्हते. धाकट्याचं मी विचारलं नव्हतं, हे तिचं तिनेच सांगितलं.

रेकॉर्डिंग नाही. फोन पर्समध्येच राहिला. रिक्षात बसून लिहून काढलं, अक्षर मलाच लागत नाहीये.

निघताना विचारलं, लिहू का? म्हणाली, 'लिही. पण त्याचं नाव घालू नकोस. ते नाव तुझ्या बापाचं आहे, त्याने साठ-सत्तर वर्षं वापरलंय.'

दुसरी_बाजू
पानं झाली की तिला वाचून दाखवा. चष्म्याने वाचायला लावू नका.

जुनी_पेटी
ती रिक्षातली पानं फेअर करताना मूळ कागद टाकू नका.

रातकिडा
काही बोलायला राहिलं नाही. वाचनखूण साठवली.

कोरी_पाटी
आजोबांची दोन पानं काढून टाकली. प्रकरण आता आत्याच्या नकाशापासून सुरू होतं, मोडक्या पायरीपासून. ३१२ ची यादी तशीच ठेवलीय पण पुस्तकात सव्वीसच माणसं येतील असं दिसतंय. माझा तो रचलेला उलगडाही एका परिच्छेदात कबूल करणार आहे, कारण भावाने तो ऐकलाय आणि तो पुढे सांगत सुटेल.

अंकगणित काका, एक तांत्रिक शंका. तुमच्या पद्धतीत बाबा २, आजोबा ४, आजी ५. मग याला कुठला क्रमांक?

अंकगणित
त्याला क्रमांक नाही. त्या पद्धतीत फक्त ज्यांच्यापासून तुम्ही आलात तेच मोजले जातात. भावंडं, काका, आत्या कोणीच नाही. तुमच्या आत्यांनाही नाही. ही तिची मोठी उणीव, मी आधीच सांगायला हवं होतं.

वंशावळीचं एखादं सॉफ्टवेअर घ्या आणि फाइल जेडकॉम प्रकारात जतन करा. १९८४ पासूनचा प्रकार आहे, साधा मजकूर असतो, एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेता येतो. त्यात ४ आणि ५ च्या कुटुंबाखाली तीन मुलं नोंदवा: १९३५, १९३८, १९४१. मधल्याच्या नावाचा रकाना रिकामा ठेवला तरी फाइल चालते. फक्त टिपेत दोन्ही नोंदींचा तपशील लिहा, नाहीतर तीस वर्षांनी कोणीतरी हुशार नातू येईल आणि दोघांचा पुन्हा एक करून टाकेल.